सफावी दरबारात खरं वजन कुणाचं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "सफावी इराणमध्ये शाह नावापुरता होता, खरं राज्य वझीर, गुलाम सरदार आणि जनानखान्यातले खोजे चालवत होते, असं वाचलं. हे कितपत खरं? आणि राज्य बुडालं ते याच लोकांमुळे का?"

सफावी म्हणजे १५०१ ते १७२२ या काळात इराणवर राज्य करणारं घराणं. त्यांचा शाह नावापुरता होता हे खरं नाही. शेवटच्या सुलतान हुसेनच्या काळातसुद्धा राज्यातल्या सगळ्यात बलाढ्य वझीराचे डोळे काढायला त्याचा एक हुकूम पुरला. दरबारी लोकांचं वजन मात्र खरोखर प्रचंड होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदत होत्या ते समजलं, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

फारसी कागद वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. या दरबाराबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, ती आधी सांगतो. मी हुद्द्यांच्या याद्या करायचो: कोण मोठा, कोण धाकटा, कोणाचा पगार किती. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक माणसाबद्दल दोन प्रश्न विचारावेत. हा शाहला केव्हा आणि कुठे भेटू शकतो? आणि शाहपुढे जाणारा कोणता कागद याच्या हातून जातो? फारसी 'दर' म्हणजे आपलंच 'दार'. शाहच्या दरबारात लोकांना आत सोडणारा, कोण कुठे उभं राहील हे ठरवणारा मोठा अधिकारी होता, त्याचं नाव ईशिक-आकासी-बाशी. तुर्कीत 'ईशिक' म्हणजे उंबरठा. उंबरठ्याचा अंमलदार राज्यातल्या पहिल्या काही माणसांत मोजला जातो, यातच त्या राज्याचा स्वभाव कळतो.

आता सुरुवातीपासून. १५०१ मध्ये पहिला सफावी शाह इस्माईल याने तब्रीझ घेतलं ते किझिलबाश तुर्की टोळ्यांच्या जोरावर: शामलू, उस्ताजलू, रूमलू, तकलू, अफशार, काजार वगैरे. तलवार त्यांची, पण हिशेब आणि पत्रव्यवहार इराणी कारकुनी घराण्यांकडे. त्यांना ताजिक म्हणत. इस्माईलला लवकरच कळलं की किझिलबाश आपल्याला गुरू मानतात, पण वतन आणि लूट स्वतःची मानतात. म्हणून त्याने 'वकील' या सर्वोच्च पदावर इराणी माणसं बसवली, आणि किझिलबाशांनी ती टिकू दिली नाहीत. नज्म-ए-सानी या वकिलाला १५१२ मध्ये फौजेचा मुख्य म्हणून मध्य आशियात पाठवलं. बाबरही त्या मोहिमेत सोबत होता. गिझदुवानच्या लढाईत किझिलबाश अमीर त्याला सोडून निघून गेले आणि तो मारला गेला. पुढे मिर्झा शाह हुसेन इस्फहानी वकील झाला. १५२३ मध्ये त्याला दरबारातल्याच एका माणसाने भोसकलं. कारण काय, तर त्या माणसाकडे सरकारी पैशाची बाकी निघत होती आणि वकील ती मागत होता. १५८३ मध्ये मिर्झा सलमान या वझीराने युवराजाला मुलगी देऊन पाय रोवायचा प्रयत्न केला. अमिरांनी तो आमच्या हवाली करा म्हटलं, आणि शाह महंमद खुदाबंदाने त्याला देऊन टाकलं.

तिघांच्याही मागे स्वतःची टोळी नव्हती. शाहची मर्जी हीच त्यांची सगळी जिंदगी. शाह लहान असला किंवा कच्चा असला की ती मर्जी कवडीमोल व्हायची. तहमास्प दहा वर्षांचा असताना गादीवर आला, तेव्हा जवळपास दहा वर्षं टोळ्या त्याच्या नावाने एकमेकांशी लढत होत्या. तहमास्प १५७६ मध्ये गेल्यावर पुन्हा तेच. त्या गोंधळात दोन बायकांनी राज्य सावरायचा प्रयत्न केला, तहमास्पची मुलगी परी खान खानम आणि सून खैरुन्निसा बेगम. दोघींचेही खून झाले, १५७८ आणि १५७९ मध्ये. माझ्या मते त्या पंचवीसेक वर्षांत राजकारणाची सर्वांत चांगली समज या दोघींनाच होती, पण इतिहासलेखकांनी त्यांना 'बायकांची लुडबूड' म्हणून दोन ओळींत उरकलं आहे.

शाह अब्बासने खेळ बदलला. त्याला गादीवर बसवलं होतं मुर्शिद कुली खान उस्ताजलूने, आणि दोन वर्षांच्या आत, १५८९ मध्ये, अब्बासने त्यालाच मारवलं. त्यानंतर त्याने जॉर्जियन, आर्मेनियन आणि चेर्केस गुलामांची फौज आणि अंमलदारवर्ग वाढवला. आपल्याकडे 'गुलाम' म्हटलं की साखळदंड डोळ्यांपुढे येतात. इथे ते चित्र बाजूला ठेवा. हे शाहचे स्वतःचे लोक, धर्म बदललेले, वाड्यात शिकलेले, टोळी नसलेले, आणि त्यांतले काही प्रांतांचे सुभेदार झाले. अल्लाहवर्दी खान हा जॉर्जियन गुलाम १५९५ च्या सुमारास फार्सचा सुभेदार झाला. राजधानी इस्फहानचा तेहेतीस कमानींचा पूल त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा मुलगा इमाम कुली खान. १६२२ मध्ये त्याने इंग्रजी जहाजांच्या मदतीने पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतलं. गोव्याच्या पोर्तुगीजांचा आखातातला खांब तेव्हा कोसळला.

पण याच अब्बासने आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांची किल्ली तिच्यात आहे. पूर्वी राजपुत्र लहानपणीच एखाद्या प्रांतात पाठवले जात. तिथल्या अमिराच्या देखरेखीखाली ते राज्यकारभार शिकत. त्यातून बंडंही होत. अब्बास स्वतः असल्याच बंडातून गादीवर आला होता, त्यामुळे त्याला ती भीती नीट माहीत होती. त्याने राजपुत्र जनानखान्यात ठेवले. थोरल्या मुलाला १६१५ मध्ये मारवलं, दुसऱ्या दोघांचे डोळे काढवले. तिथून पुढे होणारा प्रत्येक शाह भिंतीआड, आई, आत्या, दाया आणि खोजे यांच्यात वाढला. ज्यांना तो लहानपणापासून ओळखत होता, ज्यांच्यावर त्याचा विश्वास होता, ती माणसं आतली होती. बाहेरच्या वझीराला तो गादीवर बसल्यावर पहिल्यांदा भेटायचा. खोज्यांचं वजन वाढलं ते इथून. त्यासाठी त्यांनी काही कट करायची गरज नव्हती.

आता ज्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे त्या माणसाकडे येतो: मिर्झा महंमद तकी, लोकांच्या तोंडी सारू तकी. 'सारू' म्हणजे तुर्कीत पिवळा, पिंगट केसांचा. हा कारकुनी पेशातून वर आलेला माणूस. तरुणपणी एका मुलावर अत्याचार केल्याच्या आरोपावरून शाह अब्बासच्या हुकमाने त्याला खच्ची करण्यात आलं. फ्रेंच जवाहिऱ्या शार्दां ही गोष्ट रंगवून सांगतो, आणि अब्बासला नंतर पश्चात्ताप झाला असंही लिहितो. पुढे हाच माणूस कॅस्पियनच्या काठी माझंदरानचा वझीर झाला आणि तिथल्या दलदलीतून शाहचा प्रसिद्ध फरसबंद रस्ता काढण्याच्या कामाशी त्याचं नाव जोडलं गेलं. १६३४ मध्ये, अब्बासनंतर गादीवर आलेल्या शाह सफीने त्याला वझीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वझीर केलं. या पदाचा किताब इतिमाद-उद्-दौला, म्हणजे राज्याचा विश्वास. आग्र्यात याच किताबाच्या माणसाची कबर आहे. नूरजहानचा तो बाप इराणी वझिरी घराण्यातलाच होता.

सारू तकीचं सामर्थ्य असं की दोन्ही दारं त्याला उघडी होती. वझीर म्हणून दिवाण, म्हणजे सरकारी कारभाराचं दफ्तर, त्याच्या हाती: महसूल, नेमणुका, परदेशी कंपन्यांशी बोलणी. खच्ची केलेला म्हणून जनानखान्यात जायला त्याला आडकाठी नव्हती. १६४२ मध्ये शाह सफी गेला आणि जेमतेम नऊ-दहा वर्षांचा दुसरा अब्बास गादीवर आला, तेव्हा राज्याची सूत्रं राजमाता अन्ना खानमकडे गेली. तिच्याशी समोरासमोर बसून बोलू शकणारा वझीर हा एकच. इतर कोणत्याही वझीराला मधे खोज्याचा निरोप्या घालावा लागला असता.

आणि तो पैसा वसूल करायचा. त्यासाठी सफावी महसुलाची एक गोष्ट सांगायला हवी. जमीन दोन प्रकारची. 'ममालिक' म्हणजे प्रांतिक सुभेदारांच्या ताब्यातली. ते त्यावर फौज पोसत आणि वर थोडं पाठवत. 'खास्सा' म्हणजे थेट शाहच्या खजिन्याची. तिच्यावर दिवाणाने नेमलेला वझीर बसे. १६३२ मध्ये शाह सफीने होर्मुझ जिंकणाऱ्या इमाम कुली खानाला मुलांसकट मारवलं आणि फार्स खास्सात घातलं. प्रांत खास्सात ओढण्याच्या या धोरणामागे सारू तकीचं डोकं असल्याचं शार्दां लिहितो. खजिना भरला, सुभेदारांची बंडं थांबली. पण ज्या जमिनीवर सरहद्दीची फौज उभी राहायची तिचाच पैसा इस्फहानला यायला लागला. आणि तीन-चार वर्षांसाठी आलेला खास्साचा वझीर रयतेला पिळून निघून जाणार, हे उघड आहे. सारू तकी हुशार होता, स्वतः लाच खात नसे असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं, तरी या धोरणाचं ओझं मी त्याच्याच डोक्यावर ठेवतो.

त्याला मारलं तेही पैशावरूनच. थकबाक्या काढायला लागल्यावर बडे सरदार अंगावर आले. ११ ऑक्टोबर १६४५ रोजी कुर्चीबाशी जानी खान शामलू, म्हणजे किझिलबाश स्वारांचा मुख्य, साथीदारांसह इस्फहानमध्ये त्याच्या घरात घुसला आणि त्या म्हाताऱ्या वझीराला ठार केलं. दिखावा असा की हे शाहच्या भल्यासाठी केलं. आठवडाही उलटला नव्हता, तोच जानी खान आणि त्याचे साथीदार मारले गेले. मागे राजमाता होती. मिर्झा शाह हुसेनला १५२३ मध्ये थकबाकीच्या हिशेबावरून भोसकलं होतं, ते आठवा. तेव्हा आणि आता यांत फरक एवढाच की या वेळी वाडा इतका मजबूत झाला होता की खुन्यांना पळायला जागा उरली नाही. सारू तकीने बांधवलेली मशीद इस्फहानच्या बाजारात अजून आहे. तिथे जाणाऱ्यांनी पाच मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

वजन वझीराचंच असे असंही नाही. शाहच्या खासगी कारखान्यांचा मुख्य 'नाझिर-ए-बुयूतात' घ्या. मुदपाकखाना, सरबतखाना, जामदारखाना, शिवणकाम, सोनारकाम असे तीसहून अधिक कारखाने त्याच्याखाली. (आपल्या अठरा कारखान्यांची आणि कारखानिसाची आठवण व्हावी, आणि ते बरोबरच आहे. शब्द आणि पद्धत दोन्ही फारसी दरबारी जगातून आले.) शाहच्या जेवणापासून पोशाखापर्यंत सगळं पाहणारा माणूस रोज शाहच्या डोळ्यांपुढे असतो. आर्मेनियन वंशाचा महंमद बेग याच पदावरून १६५४ मध्ये वझीर-ए-आझम झाला. किंवा 'मेहतर' घ्या. आज आपल्याकडे हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ आहे, पण फारसीत त्याचा अर्थ 'थोर'. शाहचे रुमाल, अत्तरं आणि अंगावरच्या लहानसहान वस्तू घेऊन सतत त्याच्या मागे उभा राहणारा हा खोजा. शाह खूश आहे की नाही, आज अर्ज पुढे करावा की उद्या, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आणि मजलिस-नवीस, ज्याला वाका-नवीसही म्हणत. दरबारात घडलेलं लिहून ठेवणं आणि अर्ज शाहला वाचून दाखवणं हे त्याचं काम. कोणता अर्ज आधी वाचायचा हे त्याच्या हातात. मिर्झा ताहिर वहीद या कवी-इतिहासकाराने हे काम कित्येक दशकं केलं आणि अगदी म्हातारपणी तो वझीर-ए-आझम झाला. आपला 'वाकनीस' तोच शब्द. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये त्याला 'मंत्री' केलं.

आता खोज्यांबद्दलचा तुमचा मूळ समज. १६६६ मध्ये दुसरा अब्बास इस्फहानपासून दूर दामघानजवळ वारला. जमलेल्या बड्या मंडळींना त्याचा धाकटा मुलगा हमझा मिर्झा गादीवर हवा होता. मूल लहान, म्हणजे कारभार आपल्याच हातात. थोरला सफी आंधळा केला असेल किंवा मेला असेल असं त्यांनी सोयीस्करपणे गृहीत धरलं. तेव्हा आका मुबारक नावाचा खोजा उभा राहिला. हा हमझाचाच शिक्षक. हमझा शाह झाला असता तर सगळ्यात मोठा फायदा याचाच होता. त्याने सांगितलं की थोरला जिवंत आहे, डोळस आहे, आणि गादी त्याची आहे. सगळ्यांना मान खाली घालावी लागली. खोज्यांनी राज्य बुडवलं असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग कुठे ठेवायचा ते सांगावं.

तो थोरला शाह झाला आणि लवकरच आजारी पडला, त्यात दुष्काळ. शाही हकीम अडचणीत आले. त्यांनी युक्ती काढली: दोष औषधाचा नाही, राज्याभिषेकाचा मुहूर्त चुकला. खापर ज्योतिष्यांवर फुटलं. १६६८ मध्ये नव्या मुहूर्तावर, नव्या नावाने पुन्हा राज्याभिषेक झाला आणि सफी दुसरा हा शाह सुलेमान झाला. एका हकिमाचा जीव वाचवण्यासाठी बादशहाचं नाव बदललं. दरबारी वजन म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सुलेमानचा वझीर शेख अली खान झंगना कुर्द होता, कडक आणि निर्लोभी. तो १६६९ ते १६८९ पर्यंत टिकला, मधे वर्षभराची खप्पामर्जी सोडून. शाहने त्याला जबरदस्तीने दारू पाजली, नशेत त्याची दाढी उतरवली, आणि पुन्हा मानाची वस्त्रंही दिली. तो गेल्यावर जवळपास दोन वर्षं ते पद रिकामं राहिलं. कारभार तरी चालत होता, कारण तोवर खरे निर्णय आत, जनानखान्यात, शाहच्या भोवतीच्या खोज्यांच्या बैठकीत होऊ लागले होते. बाहेरच्या दिवाणाला ते तयार निर्णय म्हणून कळायचे. इथे माझा आक्षेप खोज्यांवर नाही. दरबार भरत नाही, अर्जदार शाहला पाहत नाही, वझीर स्वतः बोलू शकत नाही, अशा व्यवस्थेत चूक पकडायलाच कुणी उरत नाही.

सुलतान हुसेनच्या काळात, १६९४ पासून पुढे, हे टोकाला गेलं. त्याच्या निवडीत त्याच्या आजोबांची बहीण मरियम बेगम आणि खोजे यांचा हात होता. मऊ स्वभावाचा शाह त्यांना सोयीचा होता. १७२० चा प्रसंग नीट पाहा. वझीर-ए-आझम फतह अली खान दागिस्तानचा, मूळ सुन्नी घराण्यातला. मुल्लाबाशी (मुख्य धर्माधिकारी) आणि हकीमबाशी (मुख्य वैद्य) यांनी रात्री शाहला एक पत्र दाखवलं: वझीराने कुर्दांना बोलावलं आहे, तो तुम्हाला धरणार आहे. पत्र बनावट होतं. शाह घाबरला, वझीराचे डोळे काढले गेले. त्याच्या नात्यातला लुत्फ अली खान फार्समध्ये फौज जमवत होता, त्यालाही पकडलं. फौज पांगली. आता माझे दोन प्रश्न लावून बघा. धर्माधिकारी आणि वैद्य अवेळी शाहपर्यंत पोचू शकत होते, वझीर पोचू शकला नाही. बस, एवढंच.

पुढच्या वर्षी जॉर्जियाचा राजा वख्तांग बंडखोर लेझगी टोळ्यांना चेचायला निघाला होता. तो फार मोठा होईल या भीतीने दरबाराने शाहकडून हुकूम काढून त्याला परत फिरवलं. त्याने शपथ घेतली की पुन्हा या शाहसाठी तलवार उपसणार नाही, आणि १७२२ मध्ये अफगाण महमूदने इस्फहानला वेढा घातला तेव्हा तो खरोखर आला नाही. ८ मार्च १७२२ रोजी गुलनाबादला सफावी फौज मोडली. एका फौजेत अनेक सेनापती, आणि त्यांच्यात एकवाक्यता नाही. मग सहा महिन्यांहून जास्त वेढा, भयंकर उपासमार, आणि ऑक्टोबरमध्ये सुलतान हुसेनने स्वतः जाऊन मुकुट महमूदच्या डोक्यावर ठेवला.

म्हणून "दरबाऱ्यांनी बुडवलं का?" याला माझं उत्तर: बंदोबस्त असा होता की दरबारी माणसाला शाहच्या मर्जीशिवाय दुसरा आधारच नव्हता, आणि शाह स्वतः भिंतीआड गेल्यावर ती मर्जी मिळवायचा एकच मार्ग उरला, दुसऱ्याबद्दल त्याचे कान भरणं. महसूल प्रांतांतून काढून घेतलेला होताच. सारू तकीसारखा कर्तबगार माणूस आणि हकीमबाशीसारखा स्वार्थी माणूस एकाच दाराने वर आले.

साधनांबद्दल एक सावधगिरी. शार्दां इराणमध्ये आला तोवर सारू तकीला मरून वीसेक वर्षं झाली होती. तो ऐकीव सांगतो, छान सांगतो. शेवटचे दिवस पाहिलेला पोलिश जेझुइट क्रुसिन्स्की खोज्यांवर फार दात धरून आहे. दरबारी फारसी बखरी शाहला दोष देऊच शकत नाहीत, म्हणून दोष वझीरांवर आणि खोज्यांवर ढकलतात. 'खोज्यांनी बुडवलं' हे वाक्य तिथूनच आलं आहे.

आणि हा इतिहास आपल्यापासून दूरचा समजू नका. इस्माईलची मर्जी फिरल्याची कुणकुण लागताच शाह ताहिर हा विद्वान १५२० मध्ये इराणमधून निसटला. सावध करणारा दरबारातलाच एक बडा अंमलदार होता. शाह ताहिर समुद्रमार्गे गोव्याला उतरला, विजापूरला गेला, परांड्याच्या किल्ल्यात त्याची भेट निजामशाहीच्या माणसाशी झाली आणि तो अहमदनगरला पोचला. बुऱ्हाण निजामशाहने पुढे त्याच्याच प्रभावाने शिया पंथ स्वीकारला.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर 'तझ्किरत-उल्-मुलूक' पासून करा. १७२५ च्या सुमारास, अफगाणांच्या अमलात, सफावी दिवाणातल्या कुणा जाणत्याने ही हुद्द्यांची पोथी तयार केली. इस्फहान जिंकणाऱ्यांना वाडा मिळाला होता, पण त्यात कोण कुठे उभा राहतो, कोणाची मोहोर कोणत्या कागदावर लागते, हे सांगायला एक जुना कारकूनच लागला.